हत्याराची जात आणि धोट्याचे भोक

पुण्याच्या मंगळवार पेठेत दर बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. आमच्या अभ्यासवर्गातल्या एका पोराने यंदा आयटीआयमधून सुतारकामाचा ट्रेड पूर्ण केला. काम मिळते आहे, पण ठेकेदार म्हणतो, हत्यारे स्वतःची आण. नवा संच घेण्याइतके पैसे घरात नाहीत. म्हणून आम्ही चारपाच जण एका रविवारी त्याच्याबरोबर जुन्या बाजारात गेलो.

तिथे ताडपत्रीवर मांडलेल्या ढिगात एक पटाशी सापडली. हातात घेऊन उलटी केली, तर पाठीवर बारीक तिरप्या रेघांचे जाळे. म्हणजे ती मुळात पटाशी नव्हतीच, कानस होती. दात झिजून कानस निकामी झाल्यावर कुणीतरी ती घासून, एका टोकाला धार काढून तिची पटाशी केली होती. मूठ बाभळीची. मूठ फुटू नये म्हणून तिच्या तोंडाशी लोखंडी नळाचा तुकडा कडे म्हणून ठोकून बसवलेला, आणि त्या कड्यावर खिळ्याने ठोकलेले तीन ठिपके.

शेजारी जुन्या वस्तू जमवणारे एक गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, "सोडा हो, ही बिघडवलेली आहे. हिला काही किंमत नाही." त्यांना शेफील्डचा शिक्का असलेली, मूळ मुठीची, कुणी हात न लावलेली पटाशी हवी होती. आमच्या पोराने मात्र ती पटाशी १२० रुपयांना घेतली, आणि घरी येईपर्यंत आमच्यात वाद सुरू होता. तोच वाद इथे मांडतो आहोत, कारण तो पटाशीपुरता राहिला नाही.

आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे, "बाबासाहेबांनी आपल्याला ही हत्यारे टाकायला सांगितली. रापी टाका, मेलेली ढोरे ओढणे टाका, गावकीची कामे टाका. मग आपण रविवार घालवून जुनी हत्यारे कसली गोळा करतो? हे तर त्या संग्राहकाचेच वेड झाले." प्रश्न रास्त आहे. आमच्या कित्येक घरांत आजोबांची आरी आणि रापी मुद्दाम विहिरीत फेकली गेली, आणि ती फेकताना जे वाटले ते स्वातंत्र्यच होते. त्याची थट्टा आम्ही करणार नाही.

पण आधी त्या तीन ठिपक्यांकडे पाहू. कारखान्यात, बांधकामावर वीस जणांची हत्यारे एकाच ढिगात पडतात. ज्याला लिहिता येते तो नाव कोरतो. ज्याला लिहिता येत नाही तो ठिपके ठोकतो, खाच पाडतो, मुठीवर चाकूने फुली मारतो. ही त्या माणसाची सही आहे. आणि कानशीची पटाशी करणे हा उरकून टाकलेला जुगाड नव्हे. कानशीचे पोलाद फार कडक असते. ते तसेच वापरले तर पहिल्याच जोराच्या ठोक्याला धारेचा तुकडा उडतो, कधी डोळ्यात जातो. ते बेताने तापवून, पृष्ठभागावर गव्हाच्या काडीसारखा पिवळसर रंग आला की थांबवावे लागते. तेव्हा पोलादाचा कडकपणा थोडा उतरतो आणि धार टिकते. रंग पुढे निळ्यावर गेला तर धार मऊ पडली, मेहनत वाया. ज्याने हे केले त्याने थर्मामीटर पाहिले नव्हते. त्याला रंग वाचता येत होता. धातुशास्त्राचे पुस्तक जे सांगते तेच तो करीत होता. फरक एवढाच की पुस्तकावर लेखकाचे नाव असते आणि इथे तीन ठिपके आहेत.

जुने हत्यार घेणाऱ्याने म्हणून ते वाचायला शिकावे. धारेजवळ निळा डाग दिसला तर दगडावर घासताना कुणीतरी ते जाळले आहे, तो डाग संपेपर्यंत घासून काढावे लागेल. छिन्नीचे डोके ठोकून ठोकून फुलासारखे पसरले असेल तर त्याच्या कडा आधी उतरवाव्यात, नाहीतर त्या उडून लागतात. पात्यावर जोड दिसला तर ठोक्याच्या कामाला ते घेऊच नये. पण करवतीची मूठ डाव्या हाताला बसेल अशी कोरलेली असेल, यंत्राच्या करवतीच्या तुटक्या पात्यातून रापी केलेली असेल, ट्रकच्या कमानपाट्यातून विळा घडवलेला असेल, तर ते बिघडवलेले म्हणून टाकू नका. तिथे कुणीतरी विचार केलेला आहे.

मग प्रश्न असा की, हा विचार करणाऱ्यांची नावे आपल्या इतिहासात का नाहीत? गरिबीमुळे, अडाणीपणामुळे, असे उत्तर शाळेत मिळते. आम्हाला ते पटत नाही. अडाणी ठेवण्याची व्यवस्था होती आणि तिचे लेखी नियम होते.

मनुस्मृती उघडून पाहा. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जिचे दहन झाले तीच. पाचव्या अध्यायात मनू सांगतो की कारागिराचा हात सदैव शुद्ध असतो आणि बाजारात विक्रीला मांडलेला मालही शुद्ध असतो. वाचून वाटते, वा, किती उदार! पण त्याआधी चौथ्या अध्यायात, कोणाकोणाचे अन्न ब्राह्मणाने खाऊ नये याची यादी आहे. त्या यादीत सुतार आहे, लोहार आहे, सोनार आहे, बुरूड आहे, कातडे कापणारा आहे. दोन्ही नियम शेजारी ठेवले की गणित उघडे पडते. सुताराने केलेला पाट शुद्ध, त्या पाटावर त्याच्याबरोबर बसणे अशुद्ध. हाताने केलेली वस्तू हवी, हाताचा माणूस नको. आणि अकराव्या अध्यायात मोठी यंत्रे चालवणे हे चक्क उपपातकांत मोजले आहे. ज्या समाजाने विद्येचा मक्ता एका वर्गाला दिला आणि त्या वर्गाला यंत्राला हात लावणे पाप म्हणून शिकवले, त्या समाजात यंत्रशास्त्र वाढणार कुठून? आचार्य प्रफुल्लचंद्र राय हे काही आपल्या चळवळीतले नव्हते. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिताना त्यांनीही हेच निदान केले: जातिव्यवस्थेमुळे बुद्धिजीवी वर्ग हातांच्या कामापासून तुटला आणि इथली प्रायोगिक विज्ञानाची वाट आटली.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जो मुद्दा मांडला तो आपण सभांमधून नेहमी ऐकतो. जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नव्हे, काम करणाऱ्यांचीच वाटणी, आणि तीही एकाखाली एक. हे वाक्य पाठ झाल्यामुळे त्यातला कामाचा भाग आपल्या नजरेतून सुटतो, असे आम्हाला वाटते. काम करणाऱ्यांची वाटणी प्रत्यक्ष कशी चालते? ती हत्यारावर चालते. कोणते हत्यार कोणाच्या हातात जाईल आणि कोणाच्या जाणार नाही, तिथे जात रोज ठरते. याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण मुंबईच्या गिरण्यांत आहे, आणि ते आम्हाला त्याच रविवारी त्याच बाजारात भेटले.

पटाशी घेतली त्याच्या पुढच्या ताडपत्रीवर एक धोटा होता. लाकडाचा, हातभर लांब, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, मध्ये पोकळी. त्याच्या अंगाला चांगले बोटभर जाड भोक नव्याने पाडले होते आणि वरून पॉलिश मारले होते. आम्ही विचारले, "चाचा, हे काय आहे?" ते म्हणाले, "पेनस्टँड. मोठ्या दुकानात हजाराला देतात." खरेच आहे. गिरण्यांचे जुने धोटे आता मेणबत्ती ठेवायला, पेन ठेवायला, भिंतीवर टांगायला विकले जातात. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, यंत्रे भंगारात निघाली आणि धोटे शोभेला गेले. हाही हत्यारात केलेला बदलच. पण पटाशीतला बदल काम करण्यासाठी होता आणि हा काम विसरण्यासाठी आहे.

धोटा म्हणजे काय, हे ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून आडवा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेणारी ही लाकडी होडी. तिच्या पोटात धाग्याची कांडी बसते. धागा कांडीवरून निघून धोट्याच्या एका टोकाजवळच्या बारीक भोकातून बाहेर येतो. कांडी काही मिनिटांत संपते. संपली की साचेवाला नवी कांडी बसवतो आणि धाग्याचे टोक त्या भोकातून बाहेर काढतो. कसे काढतो? भोकाला ओठ लावून श्वास आत ओढतो. धागा सुर्रकन बाहेर. दिवसातून शेकडो वेळा हेच. आणि धोटा काही एकाच्या मालकीचा नसतो. आज याच्या ओठाला, उद्या बदली कामगाराच्या.

आता पुढचे तुमच्या लक्षात आलेच असेल. मुंबईच्या गिरण्यांत महार, मांग, चांभार कामगार होते, हजारोंनी होते. पण ते रिंग खात्यात, सूतकताईत. साचे खात्यात, म्हणजे विणकामात, त्यांना प्रवेश नव्हता. का? तर अस्पृश्याच्या ओठाला लागलेल्या धोट्याला सवर्ण साचेवाला ओठ कसा लावणार? विणकामाची मजुरी सूतकताईपेक्षा चांगली होती. म्हणजे दोन मिलिमीटरच्या एका भोकाने एका अख्ख्या समाजाची मजुरी ठरवली. पिढ्यान्‌पिढ्या.

इथे थोडे थांबून एक गोष्ट नोंदवतो. विदर्भातले महार शतकानुशतके जाडेभरडे कापड विणत आले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यातही महारांचा हा व्यवसाय नोंदला आहे. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या तिघांपैकी कबीर तर विणकरच. ज्यांच्या घरात माग होता त्यांनाच गिरणीच्या मागापाशी उभे राहू दिले नाही. 'कौशल्य नव्हते म्हणून घेतले नाही' असे कुणी म्हणाले तर त्याला हे सांगा.

दुसरे असे की, ओठ न लावता धागा ओवता येईल असा धोटा तेव्हा जगात नव्हता काय? होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये नॉर्थ्रॉप माग १८९४ साली बाजारात आला, त्याच्या धोट्यात धागा आपोआप ओवला जाई. तोंडाने ओढायच्या धोट्याला तिकडचे कामगार मृत्यूचे चुंबन म्हणत, कारण त्यातून क्षयासारखे रोग एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात. मॅसॅच्युसेट्सने १९११ साली कायदा करून असा धोटा बंद केला. लँकेशायरमध्ये तो त्यानंतरही कित्येक दशके चालू राहिला, कारण मालकाला धोटे बदलण्याचा खर्च नको आणि विणकरालाही तोंडाने ओढणेच भरभर जमे. तिकडे प्रश्न आरोग्याचा आणि पैशाचा होता. इथे त्याच भोकाचा प्रश्न जातीचा झाला. क्षयरोग्याच्या थुंकीला कुणी घाबरले नाही. महाराच्या थुंकीला घाबरले.

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणगावात प्रचंड संप झाला, सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी मालकांपुढे सतरा मागण्या ठेवल्या. बाबासाहेबांनी विचारले, साचे खात्यात अस्पृश्यांना प्रवेश, ही मागणी त्यांत कुठे आहे? ती घालत नसाल तर आमच्या लोकांनी तुमच्या संपात का उतरावे? पुढाऱ्यांनी नाखुशीने ती घातली. आणि मालकांनी काय उत्तर दिले? हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. धनंजय कीरांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. मालकांचा कावा बाजूला ठेवला तरी त्या उत्तरात एक कडू सत्य होते. साचे खात्याच्या दारात मालक उभा नव्हता, सोबतचा कामगार उभा होता. वर्गाची भाषा बोलणाऱ्या मित्रांशी आमचा वाद आजही इथेच अडतो. जो संप मालकाशी लढतो पण धोट्याला हात लावू देत नाही, त्याला कामगार एकजूट म्हणायचे काय?

पुन्हा नीट विचार करा. संपकऱ्यांनी अठरावी मागणी म्हणून नव्या तऱ्हेचे धोटे मागितले असते तर? लाकडात एक खाच पाडली असती, तारेचा आकडा प्रत्येक साच्याला टांगला असता, तरी बाटण्याचे निमित्त संपले असते. कानशीची पटाशी करणाऱ्या हातांना हे अवघड नव्हते. पण निमित्त संपावे असे कुणाला वाटत होते? हत्यारातला दोष काढणे सोपे असते. ज्या दोषातून कुणाला फायदा मिळतो तो दोष जपला जातो.

याच विषयावर बाबासाहेब दहा वर्षांनी पुन्हा बोलले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही त्या भाषणातली मांडणी आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच भाषणात त्यांनी अगदी बारीक हिशेब मांडला आहे. रेल्वेत आपला माणूस गँगमनच राहतो, वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिक होत नाही, गिरणीत साचे खाते त्याला बंद. म्हणजे फावडे आणि घण चालेल, पान्हा चालणार नाही. आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खाते सांभाळत असताना, त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन सरकारला दिले, त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घेण्याची मागणी केली.

रविवारी आमच्यात जो वाद झाला त्याला आमचे उत्तर इथे आहे. बाबासाहेबांनी हत्यार टाका असे म्हटले नाही. जन्माने गळ्यात अडकवलेले हत्यार टाका म्हणाले, आणि जे जन्मामुळे नाकारले ते हातात घ्या म्हणाले. गांधीजींच्या चरख्यापुढे ते यंत्राच्या बाजूने उभे राहिले तेही याचसाठी. चांभाराच्या पोराने रापी फेकून पटाशी घेतली, सुताराच्या पोरीने पटाशी ठेवून मल्टीमीटर घेतला, तर तो त्याच मार्गावर आहे आणि तीही. आणि कुणी आपल्या खुशीने, आपल्या दराने चामड्याचे काम करीत असेल, त्याची कंपनी काढत असेल, तर त्याला नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आपल्याच काही शिकलेल्या मंडळींना ही खोड लागली आहे, म्हणून बोललो.

उलट दिशेने ओढणारेही आहेतच. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा पारंपरिक व्यवसाय, त्यांत सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी. हत्यारांच्या संचासाठी पंधरा हजार रुपये. पैसे मिळत असतील तर जरूर घ्या, तो तुमच्याच कराचा पैसा आहे. पण योजनेची भाषा वाचा: गुरू-शिष्य परंपरा, कुटुंबात चालत आलेला धंदा. बापाने ज्या हत्याराने कमावले तेच मुलाने धरावे, ही सूचना त्या भाषेत आहे. मद्रास प्रांतात १९५३ साली राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस आईबापाचा धंदा अशी योजना आणली होती. द्रविड चळवळीने तिला कुलधंद्याचे शिक्षण म्हणून इतके झोडपले की १९५४ मध्ये ती गुंडाळावी लागली. तामिळनाडू सरकारने विश्वकर्मा योजना आहे तशी राबवायला नकार दिला, त्यामागे ही आठवण आहे. महाराष्ट्रात आपण काय केले? फॉर्म भरले.

आमच्या पोराला या योजनेतून सुतार म्हणून संच मिळेल का, ते पाहू असे ठरले. त्याच्या घरात कुणी सुतार नव्हते. वडील कंत्राटी सफाई कामगार. पटाशी घेतल्यावर त्याने पहिल्या आठवड्यात तिची धार मोडली, कारण कोन फार चपटा काढला होता. मग आयटीआयमधल्या एका जुन्या शिक्षकांना दाखवून त्याने कोन थोडा उभा केला. आता चालते. कड्यावरचे ठिपके त्याने घासले नाहीत. त्यांच्याखाली स्वतःचे आद्याक्षर ठोकले.

धोटाही आम्ही ८० रुपयांना घेऊन आलो. अभ्यासवर्गात तो टेबलावर असतो. नवीन येणाऱ्याला आम्ही विचारतो, भोक कुठे आहे? तो लगेच पेन ठेवायचे मोठे भोक दाखवतो. दुसरे दाखवण्यासाठी धोटा उजेडात धरून त्यात टाचणी घालावी लागते.